ओल्या लाकडाची सबब

यंदाही हुरडा आला. ज्वारीचे दाणे चिकातून वर सरकले, सकाळी कणसांवर दव धरू लागलं, आणि शुक्रवारी मदरशाला, म्हणजे निजाम सरकारच्या शाळेला, सुटी असते म्हटल्यावर घरातल्या पोरांनी मला धरून पाटलांच्या आखाड्यावर नेलं. आखाडा म्हणजे शेतातलं खोपट, पुढे सारवलेलं अंगण आणि बाजूला कडब्याची गंज. दुपार कलती झाली की तिथे गोवऱ्यांची आगटी पेटते. भाजलेलं कणीस तळहातावर चोळलं की हात पोळतात, दाणे सुटतात, आणि लसणाची चटणी कुणाच्या तरी डोळ्यांत जातेच. दरवर्षी हे सगळं होतं, आणि दरवर्षी मला मधोमध बसवून गोष्ट सांगायला लावतात.

घरात मला दुसरं काम कुणी सांगत नाही. सांगितलं तर ते पुन्हा कुणाला तरी करावं लागतं. मी सुताराच्या घरात जन्मलो आणि मदरशात मास्तर झालो, यात मदरशाचा फायदा किती झाला ते मुलं सांगतील, पण लाकडाचा फार झाला. लोक म्हणतात, मास्तरांना विद्येची ओढ होती. खरी गोष्ट अशी की लाकूड तासायचा वाकस हातात धरला की माझ्या दोन्ही पायांचे अंगठे आपोआप मागे सरत.

पोरांना हवी असते ती पेशकारसाहेबांची गोष्ट. तहसिलीतले पेशकार एकदा आमच्या पाटलांकडे जेवायला यायचे होते. पाटलांनी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नवे पाट करायला सांगितले. आबा चाकांच्या कामात गुंतले होते. ते म्हणाले, "एक तरी तू कर बे." मी केला. चार पायांचा पाट, पण तो एका वेळी तीनच पायांवर बसायचा. नेमका तोच पेशकारसाहेबांच्या वाट्याला आला. साहेब भात कालवायला वाकले की पुढे, येसराची आमटी भुरकायला लागले की मागे. सबंध जेवण त्यांनी नावेत बसल्यासारखं केलं, आणि शेवटी हात धुताना पाटलांना विचारलं, "तुमच्या गावाला नदी आहे का हो?"

इथे पोरं आगटीभोवती लोळतात. मी उठून डोलून दाखवतो. गोष्ट इथे संपते. म्हणजे मी संपवतो. त्या वर्षीच्या हुरड्यात याच आखाड्यावर, गंजीच्या आडोशाला बसून मी आणखी एक वस्तू केली होती. ती डुगडुगली नाही. ती गोष्ट मी पोरांना सांगत नाही.

*

तेव्हा मी विशीत होतो. मोमिनाबादेला राहून मी उर्दू शिकत होतो, आणि इम्तिहानात तिसऱ्यांदा फेल होऊन घरी आलो होतो. गावात मला 'मास्तर' ही पदवी तेव्हाच मिळाली, नोकरी पुढे बऱ्याच वर्षांनी. सिरसाळ्यापासून दोन कोसांवरचं आमचं गाव. तिथे फेल झालेल्या मुलाची बातमी त्याच्या आधी घरी पोचत असे.  मी दारात आलो तेव्हा आबा पेरणीच्या पाभरीचा दांडा तासत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग दांड्याकडे पाहिलं, आणि दोन्हींतलं जे सरळ होतं ते तासायला घेतलं.

दिवाळीला सरूला आणायला मी मुराळी म्हणून गेलो. सरू माझी धाकटी बहीण. लग्न कधीचं झालेलं, पण नांदायला गेल्याला वर्ष होत होतं, आणि ही तिची पहिली दिवाळी. तिचं सासर गेवराईकडं, गोदेच्या काठाला. तेही सुताराचंच घर. बैलगाडीनं येता-जाता तीन-तीन दिवस लागत. सरू लहानपणापासून नकला फार छान करी. येताना गाडीत तिनं सासूची नक्कल केली. पदर कमरेला खोचून, एक डोळा बारीक करून म्हणाली, "'अगं ए सुताराचे, ही भाकरी हाय का गाडीचं चाक?' आता बघ दादा, म्हनती मला सुताराची, अन् आपन कोनाची?" मी इतका हसलो की गाडीवाला मागे वळून बघायला लागला. पुढचा सगळा रस्ता ती बोलली नाही. मला वाटलं, झोप आली असेल.

पहिल्या आंघोळीच्या दिवशी पहाटे माय तिला उटणं लावत होती. उटणं लावणारा हात मधेच थांबला.

"हे काय गं?"

"तवा लागला, माय."

"तीन डाग हायती. तीनदा लागला?"

"चुलीपाशी जागा कमी हाय तिथं."

मी अंगणात दात घाशीत होतो. आबा पलीकडे दगडावर वाकस पाजळत होते. पाण्यात भिजलेल्या दगडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.  मग पुन्हा सुरू झाला, पण आधीपेक्षा हळू.

भाऊबीज झाली. जेवताना मायनं विचारलं, "पोरीला पाठवायची कवा?"

आबा म्हणाले, "पोळपाट झाल्यावर."

*

याचा अर्थ सांगायला हवा. आमच्या भागात रोजची भाकरी. ती काठवटीत थापायची. पोळपाट निघायचा तो सणासुदीला, पुरण घातलं तर. तरी सुतारांच्या घरांत एक रीत होती. लेक पहिली दिवाळी करून सासरी परत जाते तेव्हा तिच्याबरोबर माहेरचा पोळपाट जातो. तो विकतचा नाही, दुसऱ्यानं केलेला नाही. माहेरच्या झाडाचा, माहेरच्या हाताचा, तिन्ही पाय त्याच फळीतून कोरून काढलेले. कुठे खिळा नाही, कुठे जोड नाही. त्याच्याशिवाय लेक निघाली तर बापाच्या हाताला नाव ठेवत. पाहणारा व्याही सुतार असे, म्हणून नावही नेमकं ठेवलं जाई.

लेकीच्या जन्माच्या वर्षीच त्यासाठी आंब्याची एक फळी कापून ठेवायची. दोन्ही तोंडांना शेण थापायचं, म्हणजे लाकूड तोंडाकडून घाईनं वाळत नाही, चिरत नाही. मग वर्षानुवर्षं सावलीत. लेक वाढते तशी फळी वाळते. सरूची फळी माळवदाखालच्या कोनाड्यात उभी असलेली मी लहानपणापासून पाहत होतो. दिवाळीनंतर ती तिथे नव्हती.

"वाळवीनं खाल्ली," आबा म्हणाले. "नवी कापली हाय. पर ओली हाय."

नवी फळी अंगणातल्या सावलीत उभी होती. खरंच ओली होती. बोटानं टिचकी मारली की बद असा आवाज येई, चिखलात पाय पडल्यासारखा.

लेकीला ठेवून घेतो, पाठवत नाही, असं म्हणायची सोय त्या काळी कुठल्याच बापाला नव्हती. म्हटलं असतं तर चार गावांचे पंच ओसरीवर येऊन बसले असते, आणि डाग तव्याचे की कशाचे यावर त्यांनी दोन दिवस जेवणं झोडली असती. पण लाकूड ओलं आहे, हे मात्र म्हणता येत होतं. त्याच्यापुढे पंचांचं काही चालत नाही. विशेषतः पंच सुतार असले तर.

हे सगळं मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की वाळवीनं आमच्या घराची अब्रू खाल्ली.

*

येळवसेला सरूचा सासरा आला. मार्गशीर्षातली अवस, सगळा गाव शेतात. ज्वारीच्या ताटांची कोप केलेली, आंबिलाचं मडकं, भज्जी, उंडे. आबांनी व्याह्याला आधी पोटभर जेवू घातलं. हा सासरा उंच, काटक, मोजकं बोलणारा. चाकं करावीत तर त्यानं, असं त्या पट्ट्यात म्हणत. तो वाईट माणूस होता असं मला आजही म्हणता येत नाही. घरात चुलीपाशी काय चालतं तिकडे त्यानं कधी मान वळवली नसेल, एवढंच.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, "पोरीला न्यावं म्हनून आलोय."

"न्या की. तुमचीच हाय," आबा म्हणाले. "पर पोळपाट व्हायचाय."

"आजून?"

आबांनी त्याला घरी आणलं आणि फळीपुढे उभं केलं. सासऱ्यानं फळी उचलून तोलली. कानाला लावली. बोटाच्या पेरानं ठोकली. मग नखानं जरा खरवडून तो भुसा गालाला लावून पाहिला.

"ओलं हाय," तो म्हणाला.

"तेच तर म्हनतोय, इवाई."

"किती दिस लागतेल?"

"ते लाकडाला इचारा."

सासरा हसला. सुतारच तो. ओल्या लाकडाचा पोळपाट द्या म्हणणं त्याच्या तोंडून निघालंच नसतं. "संक्रांतीला येतो," म्हणून तो गेला. सरू दाराआडून बघत होती. गाडी वेशीबाहेर गेली तशी ती अंगणात आली आणि सासऱ्याची हुबेहूब नक्कल केली. फळीऐवजी माझंच डोकं कानाला लावलं, पेरानं ठोकलं आणि गंभीरपणे म्हणाली, "हे बी ओलंच हाय."

आबा हसले. त्या हंगामात त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

*

त्यानंतर आबांचं काहीतरी बिनसलं, असं मला वाटू लागलं. एकदा सकाळी उठून पाहतो तो नवी फळी सावलीतून काढून उन्हात मांडलेली. ओलं लाकूड उन्हात! आमच्या घरात शेंबडं पोरसुद्धा असं करणार नाही. मी धावत जाऊन ती उचलली.

"आबा, चिरंल की ही!"

"ठेव."

"आवो, पर..."

"तुला लई कळतंय बे. ठेव म्हनलं ना."

मी ठेवली. मायला म्हणालो, आबा थकले. तिनं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि चुलीत फुंकर घातली. दुसऱ्या दिवशी फळी पुन्हा उन्हात. तिसऱ्या दिवशी आबांनी तोंडांवरचं शेणसुद्धा खरवडून काढलं. सुतार माणूस, साठीही उलटली नाही, आणि हा विसर. मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर वाईटाबरोबर थोडं बरंही वाटलं. म्हातारा चुकायला लागला म्हणजे आता कुणाची तरी पाळी आली, आणि ती माझ्याशिवाय कुणाची असणार?

पुढच्या आठवड्यात मी म्हशीला कडबा ओढत होतो. घरामागच्या गंजीच्या पोटात हात घातला तर पेंढीऐवजी काहीतरी कठीण लागलं. तरटात गुंडाळलेलं. सोडून पाहिलं तर सरूची फळी. दोन्ही तोंडांचं शेण दगडासारखं झालेलं, एका कडेला आबांनी पटाशीनं मारलेली जुनी खूण. वाळवी नाही, किडा नाही. टिचकी मारली तर टण्ण. पितळेच्या ताटासारखा आवाज.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? त्यानं दोन क्षण विचार केला असता. फळी तरटात गुंडाळून, सुतळीनं बांधून, गंजीच्या मधोमध आपोआप जात नाही. पण मी तीनदा इम्तिहानाला बसलेला माणूस होतो. समोरचं सोडून भलताच सवाल सोडवायची मला सवय होती. मी मनाशी म्हणालो, आबांनी ही जपून ठेवली आणि ठेवल्याचंच विसरले. आता यांना सांगायचं नाही. करूनच दाखवायचं.

*

पाटलांच्या आखाड्यावर मी ती फळी नेली. हुरड्याचे दिवस. लोक दुपारी येत, कणसं भाजत, खात आणि जात. सकाळी तिथे पाखरांशिवाय कुणी नसे. आबांची जुनी हत्यारं मी एकेक करून लंपास केली. मधोमध खिळा ठोकून दोरीनं वर्तुळ आखलं. कडा करवतीनं कापल्या, वाकसानं तासल्या. खालून तीन पाय ठेवून बाकीचं लाकूड पटाशीनं उतरवायचं, हे सगळ्यात जिकिरीचं. एक घाव जास्त गेला की पायच उडतो. माझा घाव जास्त गेला नाही. हे कसं झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. माझ्या हातात कधी नव्हतं ते त्या दहा-बारा दिवसांत कुठून तरी आलं आणि नंतर कधी परत आलं नाही. रंध्यातून निघणारी ढलपी सलग, पातळ, उजेडात मधासारखी दिसणारी. सोळा वर्षं वाळलेल्या आंब्याला वास उरत नाही म्हणतात. उरतो. ओल्या गवतावर गूळ सांडल्यासारखा.

एके दिवशी सरू शेंगा वेचायला आली आणि गंजीमागे मी सापडलो. ती जागीच उभी राहिली. फळी तिनं ओळखली. तिच्या जन्माची ती, माझ्यापेक्षा तिनंच जास्त पाहिलेली.

"आबाला ठाव हाय?" तिनं विचारलं.

"न्हाई. एकदम दाखवनार हाय. संक्रांतीला, तुझ्या सासऱ्यापुढं."

ती खाली बसली. एक लांब ढलपी उचलून मनगटाभोवती गुंडाळली, बांगडीसारखी. मग दुसरी. डागांच्या वर.

"किती दिस लागतेल, दादा?"

"संक्रांतीच्या आत करतो बघ."

"सावकाश कर की. घाई कावून?"

मला वाटलं, तिला माझ्या बोटांची काळजी. "आगं, तुला सासरची ओढ न्हाई का?" मी थट्टेनं म्हणालो.

ती हसली. फार चांगली हसली. नकला करणाऱ्या माणसाला हसणंही करता येतं, हे मला माहीत असायला हवं होतं. ती उठली, तशी मनगटावरची ढलपी तुटून खाली पडली. जाताना तिनं बांधून आणलेली भाकरी माझ्यासाठी ठेवली. "खा अन् मग कर," एवढंच म्हणाली. ती मला थांबवू शकली असती. एका वाक्यात. पण त्या काळी ते वाक्य पोरींना कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि मला ऐकू आलं असतं याचीही मी खात्री देत नाही.

मी आणखी जोरानं कामाला लागलो. शेवटी फुटक्या कंदिलाच्या काचेनं तोंड खरवडलं, करडीचं तेल जिरवलं. हात फिरवला की तळहात थांबतच नसे.

*

संक्रांतीला सासरा आला. आबांनी त्याला गूळ-पाणी दिलं, तीळ दिले, आणि न विचारताच फळी पुढे केली. फळी आरपार चिरली होती. चिरेतून बोट जात होतं.

"बघा इवाई. फुकट गेली. आता दुसरी कापावं लागंल."

"चिरली खरी," सासरा म्हणाला. त्यानं चिरेवरून बोट फिरवलं. आबांच्या अंगणात चिरलेलं लाकूड त्यानं पहिल्यांदाच पाहिलं असणार.  "मग पाडव्याला येऊ?"

"पाडव्याच्या फुडं या," आबा म्हणाले.

आणि मी घरातून पोळपाट घेऊन बाहेर आलो. धोतराच्या पानात गुंडाळलेला. दोघांच्या मध्ये ठेवला आणि धोतर ओढलं. एखाद्या जादूगारासारखं.

सासऱ्यानं तो उचलला. उलटा केला. पायांवरून अंगठा फिरवला. कानाशी नेऊन ठोकला. "आंब्याचा. जुनं लाकूड हाय."

"सरूच्या जन्माची फळी," मी म्हणालो. छाती इतकी भरली होती की आवाज फाटला. "वाळवीनं खाल्लीच न्हवती. गंजीत व्हती. आबा इसरलते."

आबा माझ्याकडे बघत होते. मी आयुष्यात त्यांचे डोळे त्याच्या आधी कधी नीट पाहिले नव्हते.  

आमच्याकडे पोळपाट पारखायची रीत अशी. ज्वारीचा एक दाणा घ्यायचा, मधोमध ठेवायचा. तोंडाला जरा जरी उतार असला तर दाणा घरंगळतो. पोळपाट पारखावा तर आबांनी, आणि सुतारापुढे पारख टाळता येत नाही. त्यांनी वाणातल्या सुपातून एक दाणा उचलला.  दाणा ठेवला. बसला. त्यांनी कडेला अंगठ्यानं ठोकलं. दाणा हलला नाही. पुन्हा ठोकलं, जोरानं. नाहीच हलला. मग ते खाली वाकले आणि हळूच फुंकर मारली. पारखताना फुंकर मारलेली मी कधी पाहिली नव्हती. दाणा जरा कापला आणि तिथेच राहिला.

"ब्येस झालाय," आबा म्हणाले.

त्यांनी माझ्या कुठल्याही कामाला दिलेली ती एकच शाबासकी. सासऱ्यानं मान डोलावली. "मग उद्या सकाळीच निघू की."

सरू दारात उभी होती. हातात तिळाची वाटी. ती आत गेली आणि कपडे बांधायला लागली.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर तिनं पोळपाट मांडीवर घेतला. मला जवळ बोलावलं. "दादा, लई ब्येस झालाय रे. काय बी खोट न्हाई."

मला त्या क्षणीसुद्धा आनंद झाला. बाकी सगळं लिहून टाकलं तरी हे वाक्य लिहायला हात रेटत नाही. पण झाला होता.

*

चार दिवसांनी मी म्हशीला कडबा ओढत होतो. माय पाटी घेऊन आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि गंजीतल्या त्या रिकाम्या भोकाकडे बघत म्हणाली, "ती फळी आमी दोघांनी लपवलती, मास्तरा."

ती ओरडली नाही. रडलीही नाही. पाटी भरून निघून गेली.

पंचमीला मी मुराळी म्हणून गेलो. "यंदा न्हाई जमायचं," सासू म्हणाली. सरू आत कुठेतरी होती, बांगड्यांचा आवाज आला. दिवाळीला गेलो. "यंदा न्हाई." पुढच्या पंचमीलाही गेलो. त्यापुढच्या दिवाळीला मला दारापर्यंत जावंच लागलं नाही. सासरा गावच्या विहिरीपाशी उभा होता. काखेत हिरव्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"तापानं गेली," तो म्हणाला. "पंधरा दिस झाले."

"सांगावा?"

"गाडी न्हवती." त्यानं ते गाठोडं माझ्या हातात दिलं. "हे तुमच्या घरचं. आमच्यात ठेवून घेत न्हाईत." मग जरा थांबून म्हणाला, "लाकूड लई चांगलं हाय."

उर्दूच्या इतक्या किताबा वाचलेला मी. गाठोडं घेऊन गाडीकडे वळलो. गाडीत बसून लुगडं सोडलं. पोळपाट जवळजवळ न वापरलेला. फक्त कडेला एक काळा डाग, उलथन्याच्या टोकाएवढा.

घरी आणला तेव्हा आबांनी तो दोन्ही हातांत घेतला, लुगड्यानं पुसला आणि भिंतीवरच्या भांड्यांच्या फळीवर ठेवला. दाणा ठेवून पाहिला नाही. मला ते त्यानंतरही कधी एका शब्दानं बोलले नाहीत. वाकसाचा दांडा पाठीत घातला असता तर मी त्यांचा ऋणी राहिलो असतो. पुढे सात-आठ वर्षं ते जगले. चाकं केली, नांगर केले, पाळणेही केले. पण कुणी पोळपाट मागायला आलं की म्हणायचे, "लाकूड ओलं हाय." मागणाऱ्याच्या मागे वाळलेल्या फळ्यांची थप्पी दिसत असायची. लोक समजून परत जात.

*

यंदा हुरड्याला पोरांबरोबर माझी शांताही आहे. माझी थोरली. तिची ही पहिली दिवाळी झाली, अजून माहेरीच आहे. व्याही आमच्यातलेच, पण सुतारकी सोडून त्यांनी सिरसाळ्यात किराणा घातला. शांता आली त्या दिवशी मी विचारलं, "बरं हाय ना तिकडं?"

"बरं हाय, अण्णा."

"खरं सांग."

"बरंच हाय की."

तिच्या हातांत कोपरापर्यंत चुडा आहे. मी तिचा हात हातात घेतला तर तिनं तो काढून घेतला आणि म्हणाली, पीठ लागलंय. पीठ लागलेलं नव्हतं. कदाचित उगाच असेल. कदाचित मी आता सगळीकडेच डाग शोधतो. नवऱ्याच्या घरची नक्कल कर म्हटलं तर ती करत नाही. तिला कधी येतच नव्हती, असं तिची आई म्हणते.

परवा व्याह्यांचा माणूस निरोप घेऊन आला. संक्रांतीला सुनेला न्यायला येतो म्हणून. मी ओसरीवर बसलो होतो. मी म्हणालो, "सांगा त्यांना, पोळपाट व्हायचाय. लाकूड ओलं हाय."

तो माणूस हसला. चांगल्या मनानंच हसला. "मास्तर, कुठल्या जमान्यात हायती तुमी? परळीच्या बाजारात तयार मिळतेत. सागाचे, गोल, पाय बी घडीव. आमीच घेऊ की एक. तुमी कशाला तरास घेता?"

 किराणा विकणाऱ्या माणसाला ओल्या लाकडाचं काय?

काल आखाड्यावरून परत आलो. शांता फळीवरची भांडी झाडत होती. भांड्यांच्या मागे तिला तो सापडला.

"अण्णा, ह्यो कुनाचा?"

"तुझ्या आत्याचा."

"किती गुळगुळीत हाय! मला ह्योच द्या की. बाजारचा कावून घ्यायचा?"

मी तो खाली घेतला. धूळ पुसली. इतक्या वर्षांत कुठे चीर नाही, कुठे वाक नाही. कडेचा डाग तेवढा. माझ्या सदऱ्याच्या खिशात हुरड्याचे चार दाणे उरले होते. एक काढला आणि मधोमध ठेवला. अंगठ्यानं कडेला ठोकलं. दुसऱ्यांदा ठोकलं. मग खाली वाकून फुंकर मारली, आणि तेव्हा मला समजलं की आबांनी ती कशासाठी मारली होती. घरंगळ रे बाबा, मी मनात म्हणालो. एकदा तरी. कुठल्या तरी बाजूला.

दाणा जागचा हलला नाही.

शांता माझ्याकडे बघत होती. "अण्णा, मग ह्योच बांधू?"

मला एकच वाक्य येत होतं, आणि इतक्या वर्षांच्या वाळलेल्या लाकडासमोर ते बोलता येत नव्हतं.